डावा हात खाली

मोठ्या बाईंच्या शाळेत कुठल्याही वर्गात शिरा आणि मनाला येईल तो प्रश्न विचारा, सगळ्या मुलांचे हात वर जायचे. मान खाली घालून बसलेलं एकही पोर दिसायचं नाही. तपासणीला येणारे साहेब तोंडात बोटं घालायचे, जाताना 'उत्तम' असा शेरा मारायचे, आणि बाई मान लववून म्हणायच्या, "सगळी मुलांची मेहनत हो!"

मुलांची मेहनत कसली डोंबलाची! युक्ती बाईंची होती. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांनी प्रश्न विचारायचा आणि उत्तर कुणी द्यायचं ते बाईंनी ठरवायचं. बाईंची नजर बरोब्बर उजव्या हातावर जायची. नोकरी नवी होती तेव्हा त्यांनी ही युक्ती काढली, आणि पुढे मुख्याध्यापिका झाल्यावर ती शाळाभर रुजली. यात काही लबाडी आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. चारचौघांत पोरांची लाज राखणं हेही शिक्षकाचंच काम, असं त्या म्हणायच्या, आणि ते त्यांना मनापासून वाटायचं.

बाई उंचीनं बेताच्या, आवाजानं दणदणीत. शिकवायला उभ्या राहिल्या की शेजारच्या वर्गालाही फुकटात ऐकू जायचं. उत्तराशिवाय लोंबकळत राहिलेला प्रश्न त्यांना उघड्या राहिलेल्या नळासारखा वाटायचा. कधी एकदा बंद करते असं होऊन जायचं. म्हणून त्या प्रश्न विचारायच्या आणि पोरांनी श्वास घेईपर्यंत उत्तरही देऊन टाकायच्या. त्यांचे निकाल चांगले लागत, पालक खूश असत, आणि एकूण सगळं छान चाललं होतं.

अशा बाईंच्या मानगुटीवर एक प्रशिक्षण येऊन बसलं. शिक्षण मंडळाचा आदेशच निघाला की प्रत्येक मुख्याध्यापकानं नव्या पद्धतीनं शिकवायला शिकायचं. प्रशिक्षण टॅबलेटवर, घरबसल्या. शेवटी आपण घेतलेल्या एका पाठाचं चित्रण पाठवायचं. त्यात मुलांनी प्रश्न विचारले पाहिजेत, मुलांनीच शोध घेतला पाहिजे आणि शिक्षकानं उत्तर सांगता कामा नये. सत्र संपेपर्यंत पाठ मंजूर झाला नाही, तर मुख्याध्यापकाची खुर्ची सोडून साध्या शिक्षकाच्या जागेवर परत जायचं.

उपमुख्याध्यापकांनी हे प्रशिक्षण कधीच उरकलं होतं. माणूस बोलायला गोड. पण हल्ली बाईंच्या खोलीत आले की त्यांची नजर खिडकीकडे जायची. "पडद्यांचा रंग जरा गडदच आहे, नाही का बाई?" असं ते सहज म्हणून जायचे. बाईंना त्यातलं काय कळायचं ते बरोबर कळायचं.

खुर्ची लाकडाचीच होती आणि तिचा एक पाय डगमगायचा. पण बाई ज्या घरात वाढल्या तिथे मुलीला लिहिता-वाचता आलं हेच डोक्यावरून पाणी समजत. तिथून या खुर्चीपर्यंत यायला त्यांचं अख्खं आयुष्य खर्ची पडलं होतं. आता निवृत्तीच्या तोंडावर ती सोडून, रोज सकाळी उपमुख्याध्यापकांसमोर हजेरीची सही करायची? नुसत्या कल्पनेनं बाई खुर्ची आणखी पुढे ओढून बसायच्या.

टॅबलेट वापरायला त्यांना संगणकाच्या सरांनी शिकवलं. गळ्यात कायम वायर लटकत असायची म्हणून पोरं त्यांना चार्जर सर म्हणत, आणि एव्हाना शिक्षकांच्या खोलीतही तेच नाव पडलं होतं. "बाई, हा लाल ठिपका दिसला की चित्रण चालू," त्यांनी सांगितलं. "आणि मध्येच एखादी पाटी आली तर आधी वाचायची, मग दाबायचं."

ठिपका बाईंच्या लक्षात राहिला. पाटी मात्र त्यांनी कधी वाचली नाही. पडद्यावर काहीही उगवलं की त्या 'ठीक आहे' दाबून मोकळ्या व्हायच्या. जन्मात कुणाचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेतला नव्हता, तर यंत्राचा कुठून ऐकणार!

पहिला पाठ गेला आणि परत आला. तपासणाऱ्या मॅडम बाईंच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी खाली लिहिलं होतं, 'प्रश्न छान आहेत, पण उत्तरंही आपणच दिलीत.' बाई भडकल्या. "आली मोठी शहाणी! पोरं गप्प बसली तर काय मी पण बसू?" दुसऱ्या पाठाला त्यांनी मग कसर सोडली नाही. सातवीच्या वर्गाला दटावून ठेवलं, आणि प्रश्न विचारताच हातांचं रान उभं राहिलं. हा पाठही परत आला. या खेपेला मॅडमनी लिहिलं होतं, 'आपल्या वर्गात सगळ्यांना सगळंच येतं. मग शोध कशाचा घ्यायचा?'

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाईंनी तो शेरा पुन्हा पुन्हा वाचला. आता सत्र संपायच्या आत एकच पाठ पाठवता येणार होता.

मग घरी तालीम सुरू झाली. ओट्यावरच्या पिठाच्या डब्याला टॅबलेट टेकवायचा, लाल ठिपका लावायचा आणि समोर विद्यार्थी म्हणून नवऱ्याला बसवायचं. नवरा औषधाच्या दुकानात जन्म काढून निवृत्त झालेला, स्वभावानं थंड.

"सांगा बघू, पाणी तापवलं की काय होतं?" बाईंनी विचारलं. त्यानं तोंड उघडलं, तोवर बाई म्हणाल्या, "वाफ!"

"मी अंघोळ म्हणणार होतो," नवरा म्हणाला.

"अहो, थट्टा सुचतेय तुम्हाला? इथे माझी खुर्ची चाललीय!"

"अगं, थट्टा नाही. तू आजवर मला बोलायला जागा ठेवलीस कधी? लग्नात पसंती विचारली तेव्हा एक संधी होती, तर तिथे तुझे वडीलच हो म्हणाले." मग त्यानं मसाल्याच्या डब्यातून एक लवंग काढून बाईंच्या तळहातावर ठेवली. "प्रश्न विचारलास की ही तोंडात टाक. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

"लवंग कधी विरघळते का?"

"तेच तर," नवरा म्हणाला.

बाई रुसल्या, पण लवंगा पदरात बांधून घेतल्या. रोज तालीम, रोज चित्रण. प्रत्येक चित्रणात बाई आधीपेक्षा किंचित कमी बोलायच्या. पण बोलायच्याच.

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाठ पाठवायची मुदत संपणार होती, आणि चार्जर सर नेमके बहिणीच्या लग्नाला गेलेले. बाईंनी सातवीत स्वतःच टॅबलेट मांडला. कुठलीशी पाटी आली, तिला 'ठीक आहे' म्हटलं. ठिपका लाल झाला. त्यांनी दोन ओले रुमाल टेबलावर ठेवले, एक पसरून आणि एक घडी घालून, आणि विचारलं, "यातला आधी कुठला वाळेल? का?" आणि तोंडात लवंग टाकली.

वर्ग शांत. ती शांतता बाईंच्या अंगावर आली. जीभ वळवळायला लागली, लवंग दाताखाली कडकन फुटली, डोळ्यांत पाणी आलं. पण बाई हलल्या नाहीत. आणि मग मागून कुणीतरी म्हणालं, "पसरलेला." दुसरं म्हणालं, "पंख्याखाली ठेवला तर घडीचा पण वाळेल." पहिल्या बाकावरची एक मुलगी होती, कुठल्याही गोष्टीवर वाद घालणारी. तिला सगळे वकीलच म्हणत. ती ताडकन उठली. "पैज लाव!" झालं, पोरांनी स्वतःचे रुमाल भिजवले, कुणी खिडकीत धावलं, कुणी कपाटावर चढलं. दारातून उपमुख्याध्यापक डोकावून "बाई, हा काय गोंधळ?" म्हणाले, तर बाईंनी त्यांनाही नुसता हात दाखवला.

सगळ्यांत शेवटी चिमणी बोलली. ही मुलगी आवाजानं इतकी बारीक की हजेरीलाही ऐकू येत नसे. तिचा उजवा हात वर गेलेला बाईंना आठवतच नव्हता. रुमालावर बोट फिरवत ती म्हणाली, "बाई, यातलं पाणी गेलं म्हणतात, पण मग ते अजून या वर्गातच आहे का? आत्ता, आपल्याजवळ?"

बाईंच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं शिकवत होत्या, पण असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. कसा विचारणार, त्यांनी जागाच ठेवली नव्हती. त्यांनी आणखी एक लवंग तोंडात टाकली. पोरं हवेत हात फिरवून पाणी शोधायला लागली आणि बाईंना वाटलं, झालं, जमलं, खुर्ची वाचली!

तास संपल्यावर त्यांनी कौतुकानं टॅबलेट उघडला. पडद्यावर बाई दिसल्या. बाईंनी रुमाल ठेवले, प्रश्न विचारला, तोंडात लवंग टाकली. आणि चित्र संपलं. पुढचं काही आलंच नव्हतं.

बाईंनी टॅबलेट उलटसुलट करून पाहिला. चार्जर सरांचा फोन लागेना. बाईंचा चेहरा बघून सातवीनं त्यांना घेरलं. काय झालं ते कळायला पोरांना वेळ लागला नाही, आणि वकिलानं तर लगेच तोडगाही काढला. "त्यात काय बाई! परत करू या. आम्ही सगळं तस्सं विचारू. भांडण पण करू थोडं. रुमाल भिजवा रे! चिमणे, तू तुझं परत म्हणून दाखव बरं."

चिमणी हात मागे बांधून सरळ उभी राहिली. "बाई, रुमालातलं पाणी, या वर्गातच, आहे का?" तोच प्रश्न. पण पाढे म्हणतात त्या सुरात, छताकडे बघत.

बाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. घटकेपूर्वी हाच प्रश्न जिवंत होता. आणि असा सूर लावायला, असं हात बांधून उभं राहायला, खोट्याचं खरं करून दाखवायला या पोरांना शिकवलं कुणी? दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायची सोयच नव्हती. पुन्हा पाठ केला असता तर कुणाला कळलं नसतं, संध्याकाळच्या आत काम झालं असतं. बाईंना मोह झाला नाही असं मुळीच नाही. चांगलाच मोह झाला.

"नको," त्या म्हणाल्या. "रुमाल ठेवा खाली."

"मग बाई, पाठवणार काय?"

"मला माहीत नाही."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मोठ्या बाईंच्या तोंडून हे शब्द आजवर कुणी ऐकले नव्हते. वकिलानं हळूच विचारलं, "पण याला झालंय तरी काय? अर्धवट का थांबला?"

"तेही मला माहीत नाही," बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता थबकल्या. खरंच माहीत नव्हतं. सोंग नव्हतं, लवंगेची गरज नव्हती. त्यांनी पर्समधून आपला फोन काढला, कंपासपेट्यांच्या आधारानं उभा केला. "लाल ठिपका दिसतोय का गं? हां. आता तुम्हीच शोधून काढा." आणि त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

पोरं टॅबलेटवर तुटून पडली. कुणी म्हणालं बॅटरी गेली, तर ती भरलेली निघाली. कुणी म्हणालं कॅमेराच बिघडला. म्हणून त्यांनी एकमेकांची वाकडी तोंडं टिपून पाहिली, ती छान आली. जरा लांबलचक टिपायला गेले, तर पुन्हा मध्येच बंद. "छोटं येतं, मोठं येत नाही," चिमणी पुटपुटली. "म्हणजे मावत नसेल." त्याच वेळी पाटी उगवली. सवयीनं बाई मागून ओरडणार होत्या, 'ठीक आहे' दाबा! पण पोरांनी ती मोठ्यानं वाचली. साठवायला जागा शिल्लक नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"भरलंय काय एवढं?" वकिलानं आत शोधलं आणि रांगेनं बाईच बाई दिसायला लागल्या. स्वयंपाकघरातल्या, पिठाच्या डब्यासमोरच्या, रोजच्या तालमीतल्या बाई. एक चित्रण उघडताच दणदणीत आवाज आला, "पाणी तापवलं की काय होतं? वाफ!" आणि पाठोपाठ एक थंड पुरुषी आवाज, "मी अंघोळ म्हणणार होतो." सातवी बाकांवर कोसळून हसली.

हसू ओसरल्यावर चिमणी वळून म्हणाली, अगदी साधेपणानं, "बाई, यात सगळीकडे तुम्हीच बोलताय. म्हणून आमचं मावलं नाही."

बाई हसायला गेल्या आणि त्यांना रडूच आलं. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "खरं आहे गं बाई. पुसून टाका सगळं." मग त्यांनी फोन उचलला आणि त्यात जे काही टिपलं गेलं होतं, पोरांच्या पाठी, धक्काबुक्की, स्वतःचं रडू, ते सगळं तसंच्या तसं मंडळाला पाठवून दिलं.

घरी गेल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "खुर्ची गेली असं समजा. तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प राहिल्या. नवरा वाट बघत बसला. मग चमकून म्हणाला, "अगं, थांबलीस कशाला?"

"तुमच्या उत्तरासाठी."

"सवय नाही गं मला," तो म्हणाला. "जरा वेळ दे." आणि मग बराच विचार करून त्यानं सांगितलं की खुर्चीचं काय होईल ते त्याला सांगता येत नाही, पण आज तिच्याशी बोलायला बरं वाटतंय.

काही दिवसांनी मॅडमचा निरोप आला. 'चित्रण पाहिलं. वर्ग प्रत्यक्ष पाहून निर्णय देईन.' उपमुख्याध्यापकांनी सातवीत जाऊन बजावलं, "बाईंची परीक्षा आहे. त्यांची खुर्ची तुमच्या हातात आहे, लक्षात ठेवा."

पोरांनी चांगलंच लक्षात ठेवलं. मॅडम आल्या, हसून बोलल्या आणि फळ्यापाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, "बर्फ पाण्यावर का तरंगतो?"

सगळेच्या सगळे हात वर गेले.

बाईंच्या काळजात धस्स झालं. पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत हात, आणि त्यातले निम्मेअधिक डावे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. पोरं त्यांना वाचवत होती. ज्या एका रीतीनं बाईंनी आयुष्यभर त्यांची लाज राखली, त्याच रीतीनं आज ती बाईंची लाज राखत होती. बाईंना भरून आलं. मॅडमनी कौतुकानं वळून विचारलं, "मग बाई, कुणाला विचारू?" दारात उपमुख्याध्यापक उभे होते. एक उजवा हात दाखवायचा अवकाश, सगळं सुरळीत पार पडलं असतं.

बाई फळ्यापाशी गेल्या. "पोरांनो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा दणदणीत आवाज कधी नव्हे तो मऊ झाला, "डावे हात खाली."

कुणी हललं नाही. वकिलानं तर मानेनंच 'नको, नको' केलं.

"मॅडम, ज्यांना येत नाही त्यांचे हे डावे हात," बाईंनी सांगितलं. "मीच शिकवलंय. दुसऱ्या पाठातही हेच होते. माझ्यासाठी करताहेत बिचारी. खाली घ्या रे बाळांनो. येत नसलं तर येत नाही म्हणायचं, त्यात लाज नाही. मला हे फार उशिरा कळलं."

एकेक हात खाली आला. उपमुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. वर्गात थोडे उजवे हात उरले, आणि मागच्या बाकावर एक डावा, काडीसारखा बारीक.

"चिमणे, खाली घे बाळा."

"नाही बाई," चिमणी म्हणाली. "मला उत्तर येत नाही, पण मला विचारायचंय."

मॅडम पुढे सरकल्या. "विचार की."

"पेल्यात काठोकाठ पाणी आहे आणि वर बर्फ तरंगतोय, थोडा बाहेर आलेला. तो बर्फ वितळला की पाणी सांडेल?"

"वा!" मॅडमचे डोळे चमकले. "अगं, सोपं आहे. बर्फ जेव्हा..."

बाईंनी घाईघाईनं पदराची गाठ सोडली आणि त्यांच्यापुढे तळहात धरला. त्यावर एक लवंग होती. मॅडमनी आधी लवंगेकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग ओठ मिटून ती मुकाट्यानं तोंडात टाकली.

तोवर वकील पेला आणायला पळाली होती. निम्मा वर्ग सांडणार म्हणत होता, निम्मा नाही म्हणत होता, आणि बर्फ कुठे मिळेल हे उपमुख्याध्यापकांनाच विचारत पोरं त्यांना दाराबाहेर ओढून नेत होती. मॅडमना बोलता येत नव्हतं. म्हणून त्यांनी आपला टॅबलेट उघडला, बाईंच्या पाठासमोर 'मंजूर' असं लिहिलं आणि पडदा बाईंकडे वळवला.

बाईंनी तो नीट वाचला. मग त्या चिमणीच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या आणि पेला कधी येतो याची वाट बघू लागल्या.